नऊ नंबरचा खिळा

हार्थमियर
मंगळवार, ३ जून

प्रिय रूथ,

तुझं पत्र काल मिळालं. चार वर्षांनी. पाकिटावरचं उजवीकडे झुकलेलं अक्षर मी टपालवाल्याच्या हातातच ओळखलं, आणि मग दुपारपर्यंत पाकीट उघडलंच नाही. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीच्या खिडकीतून डोरीन बघत होती. शेवटी म्हणाली, "एडविन, पाकिटाकडे बघून पत्र वाचता आलं असतं तर लोकांनी चष्मे कशाला घेतले असते?" तेव्हा उघडलं.

आयव्ही अकरा वर्षांची झाली म्हणतेस. माझ्या डोळ्यांपुढे अजून सातचीच आहे, पुढचा दात पडलेली. दार लावून निघाली की तीनदा मागे जाऊन कडी बघते, हे वाचलं. शाळेत कुणी वही सांभाळायला दिली तर घेत नाही. करायची कामं तळहातावर लिहून ठेवते आणि आंघोळीत ती पुसली गेली की रडते. शाळेची सहल जुलैत तळ्यावर जाणार आहे, तिथे हिने नाव दिलेलं नाही. आणि ती ज्या बाईंकडे बोलायला जाते त्यांना तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत हवा आहे.

शेवटी तू विचारलंस, 'बाबा, बाकी काही नको, एवढंच सांगा. बिल्ला खिळ्यावर होता की नव्हता?'

होता. खिळ्यावर होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

इकडे यंदा वसंत लांबला. देवळामागच्या रानात निळी फुलं मे संपेतो होती. वाटेनं डोंगरावर जाणाऱ्यांची रांग सकाळी आठपासून लागते, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, आणि प्रत्येकाला वाटतं की हा डोंगर आपणच शोधला. भाड्यानं द्यायच्या अठरापैकी सोळा होड्या मी एप्रिलमध्येच रंगवून पाण्यात सोडल्या. पोहणाऱ्या बायकांचा एक नवा कंपू आलाय, रोज सात वाजता थंडगार पाण्यात उतरतात आणि शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत बोलत पार पलीकडच्या काठापर्यंत जातात. तुझी आई असती तर त्यांच्यात सामील झाली असती. परवा पाणी इतकं निवांत होतं की डोंगर कुठला आणि डोंगराची सावली कुठली हे कळेना. अशा वेळी मला अजून आमच्या शाळेतल्या थ्रेलकेल्ड बाई आठवतात. खिडकीपाशी उभं करून कविता म्हणायला लावायच्या. म्हणायच्या, कविता पाठ असली की माणूस कुठेही एकटा पडत नाही.

आयव्हीच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाबा

ता.क. आयव्ही अजून ब्लॅकबेरीचा जॅम खाते का?

*

हार्थमियर
बुधवार, ११ जून

प्रिय रूथ,

'हवापाणी नको, तो दिवस लिहा.' बरं. तुझ्या आईचंही असंच होतं. मी फुलांबद्दल बोलायला लागलो की ती विचारायची, काय फोडलंस?

तुला सगळं ठाऊक आहे, पण बाईंना वाचायचंय म्हणून मुळापासून लिहितो.

आमच्या धक्क्यावर एक काळी फळी आहे. तिला अठरा खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक पितळी बिल्ला, त्यावर होडीचा नंबर. नियम माझ्या आजोबांनी घातलेला. होडी घेणाऱ्यानं आपल्या हातानं बिल्ला काढायचा आणि होडीवाल्याच्या हातात द्यायचा. होडीवाल्यानं तो एप्रनच्या खिशात ठेवायचा. होडी परत आली की होडीवाल्यानंच तो खिळ्यावर लावायचा, दुसऱ्या कुणी नाही. रिकामा खिळा म्हणजे होडी पाण्यावर. आणि एक जरी खिळा रिकामा असला तरी कुणी घरी जायचं नाही. लहानपणी तू हे पाढ्यासारखं म्हणून दाखवायचीस.

तो चौदा ऑगस्ट होता. तू आणि आमचा जावई मार्टिन सकाळीच डोंगरावर गेलात. आयव्ही तुमच्याबरोबर आली नाही. म्हणाली, "चालायला पाय दुखतात, वल्हवायला दुखत नाहीत." नऊ नंबर ही सगळ्यांत लहान होडी, शेडच्या मागे लव्हाळ्यांच्या खाडीत बांधलेली असते. धक्क्यावरून दिसत नाही. तिथे पांढऱ्या तरंड्यांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांच्या, आत आयव्हीला एकटीला फिरायची परवानगी होती. ती मीच दिली होती. लाइफ जॅकेट घालून, आणि मला बिल्ला देऊन.

दुपारी आम्ही दोघं बाकावर बसून पाव खाल्ला, माझा नुसता, तिचा ब्लॅकबेरीच्या जॅमचा. मी तिला आमच्या शाळेतल्या बाईंची कविता म्हणून दाखवत होतो. ती कुठल्या पुस्तकात नाही, थ्रेलकेल्ड बाईंनी स्वतः आम्हा पोरांसाठी फळ्यावर लिहिली होती.

वल्ह्यामागे वलय उठे अन् वलयामागे दुसरे,
काठ विसरला नावाड्याला, नावाडी ना विसरे.
सांज उतरली डोंगरातुनी, पाणी झाले काळे,

आणि चौथी ओळ काही केल्या येईना. वीस वर्षं येत नव्हती. आयव्ही म्हणाली, "आजोबा, तुम्हाला चार ओळी येत नाहीत आणि मला मात्र बारापर्यंतचे पाढे." मी म्हटलं, तीन येतात. ती म्हणाली, "म्हणजे पंचाहत्तर टक्के. आमच्या शाळेत एवढ्यात पास करतात." जॅम तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता.

अडीचच्या सुमारास ती उठून गेली. धक्क्यावर गर्दी होती, एका शाळेची तीस पोरं एकदम उतरली होती. साडेतीनला वारा फिरला, दरीतून धुकं आलं, मी तिला हाक मारली तर ओ नाही. मी फळीकडे पाहिलं. नऊचा बिल्ला जागेवर. म्हणजे नऊ नंबर जागेवर, म्हणजे पोरगी जमिनीवर. रूथ, आमच्याकडे कुणी होड्या मोजत नाही. बिल्ले मोजतात. पाऊस असो, धुकं असो, फळी नव्वद वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती. शेडमागे चाळीस पावलं जाऊन लव्हाळ्यात डोकवावं, हे कुणाच्याच मनात आलं नाही. नेच्यांच्या रानात शोधलं, देवळाच्या वाटेला शोधलं. बचावपथकाची माणसं कुत्री घेऊन आली आणि तीही फळीकडे बघून डोंगराकडे गेली. तू पाच वाजता उतरलीस तेव्हा सगळा गाव पाण्याकडे पाठ करून उभा होता.

सात वाजता एका मासेमाराने तिला बगळ्यांच्या बेटावरून आणलं. एक वल्हं हरवलेलं, ओठ निळे. पुढचं तू पाहिलंस.

एवढंच.

बाबा

*

हार्थमियर
गुरुवार, १९ जून

प्रिय रूथ,

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं.

बाईंनी ठरवलंय तर. पुढच्या गुरुवारी, सव्वीसला, आयव्हीला समोर बसवून सांगणार, 'तू बिल्ला घ्यायला विसरलीस. लहान मुलं विसरतात. त्यात पाप नाही. आता स्वतःला माफ कर.' आणि त्याच्या आधारासाठी माझं पत्र वाचून दाखवणार. तू विचारतेस, चालेल ना.

त्याबद्दल लिहितो. आधी काल काय झालं ते ऐक, मजेशीर आहे.

तुला त्या पिकथॉल बहिणी आठवतील. विनिफ्रेड आणि मड. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतात, चार नंबर घेतात, अंड्याचे सँडविच आणि चहाचा थर्मास घेऊन पलीकडे जातात, भांडतात आणि परत येतात. आता एक चौऱ्याऐंशीची आहे आणि दुसरी ब्याऐंशीची. काल दोनला त्या निघाल्या. चालायच्या काठ्या बाकाला टेकवून ठेवल्या. विनिफ्रेडनं बिल्ला काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सांभाळा हं एडविन. मड जाड झालीय, होडी बुडाली तर तुम्हाला कळायला हवं." मड म्हणाली, "मी बुडणार नाही, तरंगेन. तूच दगडासारखी खाली जाशील."

माझ्या खिशात तुझं पत्र होतं. मी मनात त्या गुरुवाराबद्दल बोलत होतो, तुझ्याशी.

पाचला पश्चिमेकडून वारा सुटला. पंधरा मिनिटांत तळं शिसवी झालं, लाटांना पांढरे दात फुटले. होड्या धडाधड परतल्या. साडेपाचला डोरीननं फळीवरून बोट फिरवलं, अठरा मोजले आणि किल्ल्या काढल्या. "चला, सगळे आत. लवकर आवर, माझा तवा गॅसवर ठेवायचाय."

मी एप्रन सोडला, शेडचं दार ओढलं, आणि बाकाकडे नजर गेली. दोन काठ्या तिथेच टेकलेल्या.

डोरीन म्हणाली, "विसरल्या असतील म्हाताऱ्या."

मी म्हटलं, "त्या काठीशिवाय दहा पावलं चालू शकत नाहीत, डोरीन. गाडीपर्यंत पोचल्याच नसत्या."

"पण चारचा बिल्ला जागेवर आहे की."

फळीवर चारचा बिल्ला छान लटकत होता. वाऱ्यानं हलत होता, टिकटिक वाजत होता. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. रूथ, तो बिल्ला मी कधी लावला हे मला काही केल्या आठवेना. अजून आठवत नाही.

मी मोटरबोट काढली. डोरीन म्हणाली, "सत्याहत्तर वर्षांचा आहेस, या वाऱ्यात कुठे चाललास, पथकाला फोन करते," आणि फोन करता करताच माझ्या मागोमाग येऊन बसली, तव्याचा विषय पुन्हा काढला नाही. मधल्या पट्ट्यात लाट बोटीच्या नाकाडावरून आत येत होती. चष्म्यावर पाणी, समोर काही दिसेना. ओरडावं तर वारा शब्द तोंडातच परत कोंबत होता. चाळीस मिनिटं. पहिल्यांदा बेटाला फेरी मारली. तिथे कुणी नव्हतं. उलटी पडलेली एक काळी वस्तू दिसली, तेव्हा माझे हात सुकाणूवरून सुटले होते. जवळ गेलो तर ओंडका होता.

दोघी पलीकडच्या काठावर वाळुंजाच्या झाडाखाली सापडल्या. होडी मुळाला बांधून, एका रेनकोटखाली दोघी दाटीवाटीनं बसलेल्या. विनिफ्रेड म्हणाली, "उशीर केलात एडविन. मडनं शेवटचं सँडविच खाल्लं." मड म्हणाली, "अर्धं. आणि आमची शोधाशोध होणार हे ठाऊक होतं आम्हाला. बिल्ला तुमच्याकडे होता ना."

मी त्यांची होडी मागे बांधून धक्क्यावर आणली. दोघींना काठ्या दिल्या, गाडीत बसवलं, डोरीननं गरम चहा दिला. गोष्ट संपली. मजेशीर आहे असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, राहू दे.

गाडी गेल्यावर डोरीन माझ्या शेजारी बाकावर बसली. बावीस वर्षं आम्ही शेजारी काम करतोय. मग तिनं मला एक प्रश्न विचारला. तोच प्रश्न तू विचारायला हवा होतास. तू विचारलंस, बिल्ला खिळ्यावर होता का. बिल्ला खिळ्यावर लावला कुणी, असं तू विचारलं नाहीस.

हे पत्र आता टाकत नाही. उद्याचं त्याला जोडतो.

*

शुक्रवार, २० जून
सकाळ

रूथ,

मीच लावला.

वीस मिनिटं झाली हे दोन शब्द लिहून. आता पुढे.

अडीच वाजता आयव्ही उठली, फळीपाशी गेली, टाचा उंचावून नऊचा बिल्ला काढला आणि माझ्या हातात ठेवला. बोलली सुद्धा. "नऊ नंबर, आजोबा." नियमाप्रमाणे. सगळं नियमाप्रमाणे. धक्क्यावर ती तीस पोरं गोंधळ घालत होती, समोरून दोन होड्या परतत होत्या, आणि माझ्या डोक्यात ती चौथी ओळ हलायला लागली होती. वीस वर्षांनी. जिभेच्या टोकावर आली होती. मी हूं म्हटलं असेन. आणि परतलेल्या दोन होड्यांचे बिल्ले लावता लावता तिसराही लावला. साठ वर्षांची हाताची सवय. हातात बिल्ला आला की हात खिळा शोधतो. त्याच क्षणी ओळ आठवली. मला इतका आनंद झाला रूथ, की मी ती मोठ्यानं म्हटली. तीस पोरांच्या गोंगाटात कुणालाही ऐकू आली नाही.

हे मला त्या दिवशी आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, ते खरंच आठवत नव्हतं. तिला मासेमारानं आणलं, घोंगडीत गुंडाळली, आणि सगळ्या गावासमोर मी तिला विचारलं, "बिल्ला न घेता गेलीस? नियम ठाऊक होता ना तुला?" दात वाजत असतानाही ती म्हणाली, "दिला होता, आजोबा." मी तिचं तोंड फळीकडे वळवलं. म्हटलं, "तो बघ, लटकतोय." तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग म्हणाली, "हो." तू माझ्यावर ओरडत होतीस, तुमचं लक्ष कुठे होतं म्हणून, तुझ्या आवाजात तिचा तो 'हो' कुणालाच ऐकू आला नाही. मला आला.

इथवर चूक आहे. माझ्यासारख्या माणसाच्या हातून होणारी चूक. याच्या पुढचं चूक नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही इस्पितळात होतात. मी फळीपाशी गेलो. नऊचा बिल्ला हातात घेतला आणि तो बोटांना चिकटला. जॅम होता. ब्लॅकबेरीचा, कडेनं सुकून जांभळा झालेला, आणि मधे लहान अंगठ्याचा ठसा. त्या दिवशी जॅम खाल्लेलं दुसरं कुणी नव्हतं. ती बिल्ल्याला हात न लावता गेली असती, तर जॅम कुठून आला असता? मी तिथे उभा राहिलो आणि सगळं आठवलं. तिची टाच, तिचा आवाज, हातावरचं वजन, सगळं.

बरोबर त्याच वेळी पथकाचा मुख्य आला, नोंदीसाठी. म्हणाला, "एडविन, मुलीनं बिल्ला काढलाच नव्हता असं लिहू ना?" मी खिशातून रुमाल काढला, बिल्ला पुसला, खिळ्यावर लावला आणि म्हटलं, "लिहा."

मला काय वाटलं ते सांगू? सात वर्षांची आहे, विसरून जाईल, असं वाटलं. फळी खोटं बोलली असं कळलं तर आजोबांचा धक्का बंद होईल, असंही वाटलं. आणि तू, माझी पोरगी, आधीच माझं तोंड बघायला तयार नाहीस, तुला हेही कळलं तर, असं वाटलं. तिन्ही खरं आहे, आणि तिन्ही मिळून एका अंगठ्याएवढंही होत नाही.

ती विसरली नाही. तिनं ते घट्ट धरून ठेवलं. दार, वही, तळहात. मी पुसलेली गोष्ट ती चार वर्षं तळहातावर लिहितेय.

गुरुवारी तिला 'तू विसरलीस' असं सांगू देऊ नकोस. बाईंना हे पत्र दे. तू मला पुन्हा पत्र लिहिणार नाहीस हे धरून चालतो. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. फळी मी कालपासून डोरीनच्या हवाली केली आहे. पथकाच्या नोंदीत दुरुस्ती करायला आज तिसऱ्या प्रहरी जातोय. डोरीन म्हणाली, "मी येते बरोबर, नाहीतर तू तिथे कविता म्हणत बसशील."

हे स्वतः टपालात टाकून येतो.

बाबा

*

हार्थमियर
रविवार, २२ जून

प्रिय आयव्ही,

काल तुझ्या आईचा फोन आला. आधी नुसतं तुमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग म्हणाली, "मी तिला सांगणार नाही. तुम्ही केलंत, तुम्ही सांगा. बुधवारच्या आत तिच्या हातात पडायला हवं. आणि बाबा, नटवून लिहू नका." म्हणून नटवत नाही.

तू बिल्ला दिला होतास.

चौदा ऑगस्टला, दुपारी अडीच वाजता, तू टाचा उंच करून नऊ नंबरचा बिल्ला काढलास आणि माझ्या हातात दिलास. "नऊ नंबर, आजोबा" असं म्हणालीस. मी कविता आठवत होतो, आणि मी तो वेड्यासारखा परत खिळ्यावर लावला. सगळ्यांनी तुला साडेतीन तास चुकीच्या बाजूला शोधलं ते माझ्यामुळे. मग मी सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं. तू 'हो' म्हणालीस, कारण फळी समोर होती आणि आजोबा सांगत होते. तुझ्या जागी कुणीही 'हो' म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला खरं कळलं. बिल्ल्यावर तुझा जॅम होता, तुझ्या अंगठ्याचा ठसा होता. मी तो पुसून टाकला आणि गप्प बसलो. हे चुकून झालेलं नाही, हे मी केलं. मोठी माणसं भित्री असली की असं करतात.

तुझ्या आईनं लिहिलं होतं, तू तिला विचारतेस, 'मी विसरणारी मुलगी आहे का?' नाहीस. होडी बेटाला लागली, एक वल्हं गेलं, धुकं आलं, तरी तू काय केलंस ते त्या मासेमारानं मला सांगितलं होतं. तू होडी दोरानं झुडपाला बांधलीस, लाइफ जॅकेट काढलं नाहीस, आणि त्याला पहिलं वाक्य बोललीस, "मला माहीत होतं कुणीतरी येईल, मी बिल्ला दिलाय." तेव्हा मला ते सोसवलं नाही, म्हणून मी ते कुणालाही सांगितलं नाही. आता सांगतो. सात वर्षांची असताना तुला जे लक्षात होतं, ते साठ वर्षं त्या फळीपाशी उभा राहिलेल्या माणसाला नव्हतं.

माफ कर असं मी म्हणत नाही. ते मागून घ्यायची गोष्ट नाही. सहलीला जा किंवा जाऊ नकोस, इथे ये किंवा येऊ नकोस, ते तुझं तू ठरव. दार मात्र एकदाच बघून निघ. तू लावलेलं असतं.

तुला ती चौथी ओळ हवी होती. पंचाहत्तर टक्क्यांवर मला पास केलं होतंस. त्या दिवशी ओळ आठवली होती, नंतर मी ती कधीच म्हटली नाही. लिहितो:

नाव एकली अजुनी दूरी, मिटू नको रे डोळे.

थ्रेलकेल्ड बाई आम्हाला हेच सांगत होत्या आणि मी ते आठवायच्या नादात डोळे मिटले. कवितेची यात काही चूक नाही. बाईंचीही नाही.

आणखी एक. पाकिटात हात घाल, तळाशी पितळेचं काहीतरी लागेल. तो नऊचा बिल्ला आहे. डोरीननं तो काढायला आधी ठाम नकार दिला. "नियम आहे, बिल्ला धक्क्याबाहेर जात नाही." मी म्हटलं, नियमाप्रमाणेच चाललोय, हा खिळा त्या दिवशी रिकामा असायला हवा होता. मग तिनं स्वतः पिठाच्या हातानं काढून दिला, त्यावर थोडं पीठ असेल. पुसलेलं नाही. मी आता तो बिल्ला पुसणार नाही.

आज धक्क्यावर गर्दी होती. फळीवर एक खिळा रिकामा दिसला की लोक विचारतात. सकाळी पिकथॉल बहिणी निरोप घ्यायला आल्या, त्यांनीही विचारलं. विनिफ्रेड काठी उचलून दाखवत म्हणाली, "एडविन, नऊ नंबर कुठाय? धुकं येतंय."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बाहेर आहे. माझ्या नातीनं बिल्ला माझ्या हातात दिला होता."

तुझे,
आजोबा